जुईच्या धाकट्या बहिणीसाठी 'ई'नं संपणारं नाव

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. थोरली जुई पाच वर्षांची आहे आणि धाकटी 23 दिवसांची. तिचं नावही जुईसारखं सुट्या 'ई' अक्षरानं संपायला हवं आहे, नुसत्या दुसऱ्या वेलांटीनं नाही. वर्गात त्याच नावाच्या आणखी तिघी-चौघी नकोत. आजींनी पत्रिकेवरून 'रा' अक्षर सांगितलं आहे, पण तुम्ही दोघं त्यावर अडून बसलेले नाही. याद्यांमध्ये मृण्मयी, तन्वी, शर्वरी यापलीकडे काही मिळालं नाही, म्हणून विचारताय.

मी 27 वर्षं एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काम केलं. मराठी घेऊन एम.ए. केलं होतं, त्यामुळे नाव लिहून घेताना 'हे कुठून आलं' ही उत्सुकता कायम असायची. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक बारशाआधी फोन करतात. आतापर्यंत जे पाहिलं आणि वाचलं, त्यावरून सांगते.

याद्यांमध्ये तुम्हाला नाव मिळालं नाही, कारण त्या याद्या इंग्रजी अक्षरांवरून बनवलेल्या असतात. तिथे 'आय' आलं की झालं. मराठीच्या हिशेबानं तन्वी 'वी'वर संपते, शर्वरी 'री'वर. मृण्मयी जवळची वाटते, पण तीही 'यी'वर संपते. मृद् म्हणजे माती, तिला 'मय' लागून मृण्मय आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप मृण्मयी. त्यातला 'य' कानाला जेमतेम जाणवतो, म्हणून लोक अर्जावर बिनदिक्कत 'मृण्मई', 'तन्मई' लिहून आणतात. तसंच उलटही होतं आणि 'सयी', 'जुयी' लिहिलं जातं. दोन्ही चूक.

आता खरी अडचण सांगते. सुट्या 'ई'नं संपणारं नाव संस्कृतात शोधलंत तर सहसा सापडणारच नाही. संस्कृतात दोन स्वर शेजारी आले की त्यांचा संधी होतो, ते एकमेकांत मिसळून जातात. जुईमध्ये 'उ' आणि 'ई' शेजारी शेजारी मोकळे बसलेत ना, ते प्राकृताचं आणि मराठीचं लेणं आहे. बोलता बोलता मधलं व्यंजन झिजून गेलं आणि स्वर तेवढे उरले. यूथिकेची झाली जुई. सुरुवातीच्या 'य'चा 'ज' झाला, जसा यवाचा जव झाला, आणि पुढचा 'थ' आधी 'ह' होऊन मग गळून पडला. सखीची सही आणि सहीची सई झाली. जातीची (हे फुलाचं संस्कृत नाव) जाई झाली. म्हणजे तुमच्या थोरलीचं नाव दोन हजार वर्षांच्या बोलण्यातून गुळगुळीत होऊन आलेलं आहे. तिच्या बहिणीचं नावही तिथूनच घ्यावं, असं माझं मत. संस्कृत कोशात डोकं खुपसण्यापेक्षा आजी-पणजीच्या तोंडातले शब्द आठवा.

पहिलं नाव सगळे 'जाई'च सुचवतील. तुम्हालाही दहा जणांनी सुचवलं असेल. नाव सुंदर आहे. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, यांच्यामुळे त्याला एक वजनही आहे. पण तुमच्या घरी नको. जाई-जुई हा मराठीत जवळजवळ एकच शब्द आहे, आणि मुलींना आयुष्यभर जोडीनं हाक मारली जाईल. एकीचा उल्लेख आला की दुसरी आपोआप आलीच. पाच वर्षं जुई एकटी जुई होती, धाकटीलाही तिचं स्वतंत्र नाव मिळू द्या. शिवाय दोन्ही 'ज'च, त्यामुळे घाईत हाक चुकणार आणि रागावताना भलतीच पुढे येणार.

सई आता दुर्मिळ राहिलेलं नाही. शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई, नंतरच्या काळात सई परांजपे, मग सई ताम्हणकर अशी ती परंपरा आहे, आणि गेल्या वीसेक वर्षांत माझ्या टेबलावर सई वरचेवर येत होती. तुम्हाला वेगळं हवंय, म्हणून सई बाजूला ठेवू.

याच झिजलेल्या शब्दांमधलं एक नाव मला फार आवडतं, ते म्हणजे भुई. भूमीची भुई. एकदा एक तरुण शेतकरी अर्ज घेऊन आला होता. सोबत त्याची आई होती. बाळाच्या नावाच्या रकान्यात त्यानं मोठ्या अक्षरात 'भुई' लिहिलं होतं. मी म्हटलं, छान नाव आहे हो. आई मागून हळूच म्हणाली, "अरे, भुईला भार म्हणतील की रे तिला." तो थांबला. पेन घेतलं, ते खोडलं आणि वर 'भूमी' लिहिलं. त्या बाईंचं मला चुकीचं वाटलं नाही. मुलगी झाली की 'भुईला भार' हे शब्द आपल्या मागच्या पिढ्यांनी खरोखर ऐकलेले आहेत. शिवाय 'पळता भुई थोडी', 'भुई धोपटणं' हे आहेतच. तरीही सांगते, ज्या घराला हे नाव मनापासून आवडतं त्यांनी ते ठेवावं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर जो वास येतो तो भुईचाच असतो, आणि भुईचाफा काही पान फुटण्याची वाट पाहत नाही, थेट जमिनीतून फुलतो.

नदीचीही अशीच नई झाली होती. जुन्या मराठीत हा शब्द आहे आणि गोव्याकडे कोकणीत आजही नदीला न्हंय म्हणतात. पण हिंदीत नई म्हणजे नवी. मुलीला उद्या महाराष्ट्राबाहेर कुठेही 'नई क्या?' असं ऐकावं लागेल. म्हणून हे नाव मी सुचवत नाही.

झिजलेल्या शब्दांनंतर दुसरं मोठं भांडार म्हणजे 'आई'नं संपणारी नावं. इथे 'ई' आली आहे ती आईची. ही नावं लोकांना म्हातारी वाटतात, आणि त्यामुळेच ती आज कोणी ठेवत नाही. थोडा वेळ इथे थांबूया, कारण खरी दौलत इथेच आहे.

नामदेव महाराजांचं घर बघा. आईचं नाव गोणाई, पत्नीचं राजाई, मुलीचं लिंबाई. नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार मुलगे आणि त्यांच्या बायका लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. एकाच छपराखाली सात जणी, आणि सातही नावं 'ई'नं संपणारी. दासी जनी त्याच घरातली, तिलाही पुढे लोकांनी जनाई केलं. तेराव्या-चौदाव्या शतकातलं हे पंढरपूरचं शिंप्याचं घर, आणि त्या घरातल्या बायकांच्या नावावर अभंग आहेत. साधारण त्याच काळात महानुभाव पंथातल्या महदंबेला आदरानं महदाइसा म्हणत, म्हणजे तिथेही 'आई' आहेच, फक्त पुढे 'सा' लागला. लाडाई, गोडाई, साखराई ही नावं मोठ्यानं म्हणून पाहा. त्या काळी सुनेचं नाव असं ठेवणाऱ्या घरात किती माया असेल! लाडाई तर आजच्या बाळाला जशीच्या तशी शोभेल. येसाईसुद्धा. लिंबाईचा लिंब म्हणजे कडुलिंब, अर्थ चांगला आहे, पण शाळेत तिचं लिंबू होईल आणि ते मला मुलीसाठी नकोसं वाटतं. साखराई घरात गोड वाटते, पण तिचं 'साखर' होणार आणि उरलेलं गळून जाणार.

तुकोबांच्या आईचं नाव कनकाई. कनक म्हणजे सोनं. हे नाव मी 27 वर्षांत एकदाही लिहिलं नाही. त्यात 'क' दोनदा येतो, म्हणून उच्चार ठसठशीत होतो. हाक लांबवर जाते आणि अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

मुक्ताई सर्वांना ठाऊक आहे. ताटीचे अभंग, जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर, आषाढीला तिथून निघणारी पालखी. नाव जुनं आहे तरी जड नाही. मात्र बहुतेक घरांत तिची चार दिवसांत 'मुक्ता' होते आणि तुम्हाला हवी असलेली 'ई' निघून जाते. जिजाई, रमाई, भीमाई या नावांमागे फार मोठ्या व्यक्ती उभ्या आहेत. ज्या घरात ती श्रद्धा आहे तिथे ही नावं अतिशय शोभतात. नुसत्या शेवटच्या अक्षरासाठी ती घेऊ नयेत असं मला वाटतं.

देवीची नावं तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. शिवनेरीवरची शिवाई, औंधची यमाई, कुरकुंभची फिरंगाई, अंबाजोगाईची जोगाई, जी मूळची योगेश्वरी आणि इथेही 'य'चा 'ज' झालेला आहे. तुळजाभवानीला तुकाई म्हणतात. तुमची कुलदेवी यातली असेल तर घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. काही घरांत कुलदेवीचं नाव मुलीला ठेवत नाहीत, कारण रागाच्या भरात ते नाव घेऊन ओरडलं जातं आणि मग मनाला लागतं. काही घरांत मुद्दाम तेच ठेवतात. हा ज्याच्या त्याच्या घरचा रिवाज आहे. यातलं शिवाई मला आजच्या मुलीसाठी सगळ्यात योग्य वाटतं. चांदवडच्या डोंगररांगेत इंद्राई नावाचा किल्ला आहे. नाशिककडच्या कोणी ट्रेकर आईबाबांनी हे नाव मुलीला ठेवलं तर मला फार आनंद होईल.

तिसऱ्या प्रकारात 'आई'शी संबंध नसतो. गुण किंवा अवस्था सांगणारा 'आई' हा प्रत्यय असतो, जसं चतुर-चतुराई, तरुण-तरुणाई. यातली बरीच नावं म्हणून चालत नाहीत, पण निळाई चालते. निळाई म्हणजे निळेपणा, आभाळाचा आणि समुद्राचा. नवलाईही चालते, फक्त 'नव्याची नवलाई' ऐकायची तयारी ठेवा. हिरवाई चांगली असली तरी बागा आणि वृक्षारोपणाच्या फलकांवर इतकी वापरून झाली आहे की मुलीचं नाव वाटत नाही. वनराईचं तेच. गावाकडे वनराई म्हटलं की पोत्यांत वाळू-माती भरून घातलेला बंधारा आठवतो. इथे एक सावधगिरी बाळगा. स्वतः नाव जोडून बनवायला जाल तर अर्थ भलतीकडे जातो. 'मना'ला 'आई' जोडून हौसेनं केलेलं 'मनाई' एकदा माझ्यासमोर आलं होतं. मी आईवडिलांना बाजूला बसवून शांतपणे सांगितलं, की हा शब्द आधीच आहे आणि त्याचा अर्थ बंदी असा होतो. त्यांनी ते बदललं.

वस्तूंच्या नावांमध्ये दोन मोलाची आहेत, समई आणि सनई. सनई मंगल आहे, पण ती लग्नमंडपाशी इतकी बांधलेली आहे की मुलीला प्रत्येक पाहुणा लग्नावरूनच बोलेल. समईचं तसं नाही. संध्याकाळी देवापुढे लावलेली, पाच वातींची, चिंचेनं घासून लखलखीत केलेली पितळी समई मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही मुलींची नावं एकत्र म्हणा, जुई आणि समई. एक संध्याकाळी उमलते, दुसरी संध्याकाळी लागते. मला ही जोडी आवडते. फक्त हिंदी बोलणारे तिला 'समय' म्हणतील, ते सुधारत बसावं लागेल.

आता आजींच्या 'रा'कडे येते. तुम्ही अडून नाही म्हणता, तरी मला वाटतं आजींचं अक्षर आणि तुमचं अक्षर एकाच नावात छान बसतंय. ते नाव आहे राई.

आपल्याला राई म्हटलं की आधी मोहरी आठवते. ती राजिकेची राई. पण दुसरी राई राधिकेची आहे. राधिका, मग राही, मग राई, म्हणजे सखीची सई झाली तशीच. विठ्ठलाच्या आरतीत रखुमाबाईच्या आधी जी राई येते ती हीच. कुठे राही म्हणतात, कुठे राई. आपण ती आरती लहानपणापासून म्हणतो आणि ते एका बाईचं नाव आहे हे लक्षातच येत नाही. तिसरी राई म्हणजे झाडांची दाटी. आमराई, देवराई यांतली राई हीच. सह्याद्रीतल्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कळेल, भर उन्हात तिथे पाऊल टाकलं की अंगावर किती गारवा येतो. देवाच्या नावानं राखलेलं ते रान, तिथली वाळकी काटकीसुद्धा लोक घरी नेत नाहीत.

म्हणजे विठ्ठलाची राई, झाडांची राई, फोडणीतली राई असे तीन अर्थ एका नावात आहेत आणि तिन्ही मराठी घरातले आहेत. 'राईचा पर्वत' हा वाक्प्रचार मुलीला चिडवायला वापरतील, हे धरून चाला. त्यात बोचणारं काही नाही. जुई आणि राई, दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही झिजून आलेल्या, पण सुरुवातीचं अक्षर वेगळं, म्हणून हाकेत गोंधळ होणार नाही. गॅलरीतून खाली मैदानावर हाक मारून पाहा. शेवटची 'ई' हवी तेवढी ओढता येते, आणि हाक मारायच्या नावाला हे फार महत्त्वाचं असतं. आजींना दोन अक्षरं फार छोटी वाटली तर राजाई आहे. नामदेवांच्या घरातली, 'रा'नंच सुरू होणारी, आणि घरात तिची राई करता येईल. कागदावर राजाई आणि तोंडात राई, हाही चांगला मार्ग आहे.

नाव 'राई' ठरलंच तर नोंदणीबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण इथे झालेली चूक मी स्वतः अनेकदा निस्तरली आहे.

बारसं रविवारी आहे म्हणून घाई करू नका. जन्माची खबर 21 दिवसांच्या आत द्यावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ते काम रुग्णालय करतं. त्या वेळी बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असला तरी चालतं. नोंदणी झाल्यापासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलणं किंवा त्यातलं अक्षर दुरुस्त करून घेणं हे वेळखाऊ काम आहे. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. म्हणून त्यावरचं प्रत्येक अक्षर आधीच तपासा.

'ई'नं संपणाऱ्या नावांचा घात रोमन रकान्यात होतो. एक आई माझ्याकडे सहा वर्षांच्या मुलीचा दाखला घेऊन आली होती. मराठीत 'सई' बरोबर होतं. इंग्रजीत एस, ए, आय. शाळेनं इंग्रजीवरून हजेरीपटावर 'साई' लिहिलं, मग वर्गशिक्षिका मुलीला साई म्हणू लागल्या, आणि ती मुलगी घरी येऊन विचारायची की माझं खरं नाव कोणतं. ती माझ्यासमोर आईचा पदर धरून उभी होती. मी दाखल्यावरच्या नावावर बोट ठेवून तिला म्हटलं, "स-ई. हे बघ, इथे काना नाही." तिनं दोनदा ते अक्षर बोटानं गिरवलं.

राईच्या बाबतीत आर, ए, आय लिहिलंत तर देशभर ते 'राय' वाचलं जाईल, कारण ते आडनाव सर्वांच्या परिचयाचं आहे. तुम्ही आर, दोनदा ए आणि मग आय असं लिहा. राजाईलाही मधे दोन ए द्या. समई असेल तर शेवटी इंग्रजी 'ई' हे अक्षर दोनदा घ्या, म्हणजे 'समाय' होणार नाही. अर्ज भरताना मराठी नाव आधी लिहा, सुट्या अक्षरात, 'रा' आणि 'ई' यांच्यात जागा न सोडता, आणि दाखला हातात पडला की खिडकीसमोरून हलण्याआधी दोन्ही लिप्यांत वाचून घ्या. टंकलेखनात 'ई'च्या जागी ऱ्हस्व 'इ' फार वेळा पडते. ती डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून नावाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवूनच वाचा.